उतरती भट्टी

त्या दुपारी बेकरीच्या मागच्या गल्लीतली मांजरं नेहमीच्या जागी नव्हती, म्हणून बेकरीवाल्याची लेक बघायला गेली.

एरवी पाऊस भुरभुरू लागला, की गल्लीतली झाडून सगळी मांजरं बेकरीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसत. भिंतीपलीकडे भट्टी होती, आणि वीट न् वीट ऊन असे. मांजरांना असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. आज मात्र ती सगळी समोरच्या पत्र्याखाली अंग चोरून बसली होती आणि भिंतीकडे रागाने बघत होती. कारण भिंतीला पाठ लावून एक माणूस उभा होता.

उंच, किडकिडीत, नखशिखांत भिजलेला. शर्टाच्या खिशातून, पँटच्या खिशातून, कमरेच्या पट्ट्यातून लाकडी चमच्यांचे दांडे डोकावत होते. भिंतीच्या कठड्यावर आणखी चमचे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने, घरच्या फोटोला उभे केल्यासारखे.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"वाळवतोय."

"स्वतःला, की चमच्यांना?"

"आधी चमचे." त्याने केसांतलं पाणी हाताने निपटलं. "मी ओला राहिलो तर फार तर शिंकेन. ते ओले राहिले तर तडकतील. आणि मला कुणी विकत घेणार नाहीये."

दुसरी कुणी असती तर हसली असती. ती नाही हसली. एका छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. दिवसभर लोकांचे जास्तीचे शब्द खोडायचे आणि घरी आल्यावर वाचत बसायचं, हा तिचा दिनक्रम. त्यामुळे स्वतःचे शब्द खर्चताना तिचा हात फार आखडता असे.

"भिंत आमची आहे," ती एवढंच म्हणाली.

"माहितीये. मी खूप भिंती बघितल्यात. लॉन्ड्रीची भिंत ऊन असते पण ओली. हॉटेलची असते, पण तेलकट. ही म्हणजे…" त्याने विटांवरून मायेने हात फिरवला. "फार गुणी भिंत आहे."

आतून बाबांचा आवाज आला. "पोरी, कोण आहे गं?"

"चमचेवाला!"

"मग आत आण की! त्याला पावसात उभं करून गप्पा काय मारतेस?"

"मी गप्पा मारत नाहीये," ती म्हणाली.

"खरंय काका," तो ओरडून म्हणाला. "त्या मला भिंतीची मालकी सांगतायत."

आत बाबा पिठाच्या पोत्यावर पाय पसरून बसले होते. सकाळचे पाव विकून झाले, की ही त्यांची बसायची जागा. मिशीत पीठ, भुवयांत पीठ. समोर भट्टी. विटांची घुमटी, लोखंडी दार, आणि दाराच्या फटीतून येणारा मंद लालसर उजेड. बाबांनी त्याला जुना टॉवेल दिला, पुढ्यात स्टूल सरकवलं, आणि त्याची सगळी हकीकत काढून घेतली.

हकीकत छोटीच होती. फर्निचरच्या कारखान्यातलं काम सुटलं होतं. एक रंधा, दोन चाकू, आणि टाकाऊ इस्त्रीचं टेबल, एवढ्यावर त्याने चमचे करायला घेतले होते. लाकूड म्हणजे बाजारात फेकलेली खोकी आणि मोडक्या खुर्च्यांचे पाय. सगळं जमत होतं, पण या दिवसांत लाकूड वाळत नव्हतं. "माझ्याकडे दुकान नाही, यंत्र नाही. भिंत होती, तीही तुमची निघाली."

बाबा हसले. मग भट्टीकडे बोट करून म्हणाले, "ही आमची बाई. पहाटे पेटवायची, सकाळी पाव काढायचे, आणि मग ही दिवसभर हळूहळू उतरत राहते. संध्याकाळपर्यंत आत हात घालवत नाही. एवढी ऊब नुसती वाया."

तो स्टुलाच्या टोकावर आला. "काका, ती वाया जाणारी ऊब मला भाड्याने द्याल?"

बाबा इतके हसले, की मिशीतलं पीठ उडालं. "अरे, जन्मभर पाव विकले. उरलेली ऊब विकत मागणारा तू पहिलाच! भाडं काय देशील?"

"काय घ्याल?"

"रंध्याच्या ढलप्या आणत जा. पेटवायला बऱ्या पडतात."

व्यवहार झाला. बाबांनी फडक्यात गुंडाळून ठेवलेला पाव काढला, मोडला, अर्धा त्याच्या हातात ठेवला आणि विचारलं, "कसा झालाय?"

हा प्रश्न त्या घरात रोजचा होता. रोज सकाळी पहिला पाव मोडून बाबा लेकीला विचारत, "कसा झालाय?" ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणे, "बरा आहे." मग बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "घ्या, आज लेकीने बरा म्हटलंय!"

चमचेवाला बिचारा नवा होता. तो सुरूच झाला. "काका, काय सांगू! वरचा पापुद्रा कसा कडक, आतून कसा कापसासारखा, आणि तो वास…"

"पुरे, पुरे. आमच्याकडे एवढं बोलत नाहीत. हे बघ." बाबा तिच्याकडे वळले. "पोरी, कसा झालाय?"

तिने घास घेतला. त्या दिवशी पाव खरोखर सुरेख साधला होता. तिला ते जाणवलं, ओठांपर्यंत आलंही. पण परक्या माणसासमोर…

"बरा आहे," ती म्हणाली.

"बघ!" बाबांनी मांडीवर थाप मारली.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. ती छत्री घेऊन निघाली, तेव्हा बाबा त्याला मागच्या दाराची किल्ली देत होते. "उद्या मी गिरणीवर जाणार आहे, पीठ आणायला. तू दुपारी ये, तुझं लाकूड लाव, आणि जाताना दोन ओंडके आत सरकवून जा. ही बाई गार पडता कामा नये. एकदा गार पडली की रुसते, आणि मग घाईने तापवायला गेलं, तर छातीला तडे जातात."

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ओळख ना पाळख, लगेच किल्ली?"

"चोराला पळायचं असतं गं. एवढे चमचे अंगावर घेऊन कोण पळेल?"

चमचेवाला टॉवेलात तोंड लपवून हसला. ती दाराबाहेर पडली. वळून पाहिलं, तर बाबा हात हलवत त्याला काहीतरी सांगत होते, आणि तो ऐकता ऐकता तिच्याकडेच बघत होता. तिने छत्री उगाचच जोरात उघडली.

दुसऱ्या दिवशी बाबा गिरणीवर गेले. संध्याकाळी पिठाची पोती आली. बाबा आले नाहीत.

टेम्पोत बसल्या बसल्याच गेले, असं डॉक्टर म्हणाले. चालकाला वाटलं, डोळा लागलाय, म्हणून त्याने गाणं बारीक केलं होतं. पुढे कितीतरी दिवस तिला बाकी काही आठवायचं नाही, पण त्या अनोळखी माणसाने गाणं बारीक केलं, हे आठवायचं. त्याचे आभार मानायचे राहून गेले होते.

माणसं आली, बसली, गेली. घरात ती आणि आत्या उरल्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जिभेला धार, गुडघ्यांना कुरकुर. तिनेही त्या दिवसांत एकालाही टोमणा मारला नाही, यावरून घर किती गप्प झालं होतं ते समजावं.

मग गाळ्याचा मालक आला. माणूस वाईट नव्हता. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाला, "घाई नाही. पण मोबाइलच्या दुकानासाठी एक जण मागे लागलाय. तुम्ही दोघी बायका भट्टी काय चालवणार? सोमवारी काय ते सांगा. भट्टी पाडायला माणसं मीच आणेन."

त्यात अन्याय्य काही नव्हतं. तिच्याजवळ नोकरी होती. भट्टी जशी पेटवावी लागते, तशी पेटवायला तिला येत नव्हती. लहानपणापासून बघितली होती, एवढंच. रविवारी दुपारी ती पुढच्या दाराची किल्ली घेऊन एकटीच बेकरीत गेली. बाबांचा टॉवेल, चपला, असं काही राहिलं असेल ते आणावं, आणि सोमवारी "हो" म्हणून टाकावं, असं ठरवून.

आत अंधार होता. ती अंदाजाने चालत गेली. गार पडलेल्या विटांना एकदा हात लावावा, म्हणून तिने तळवा टेकवला… आणि चटकन मागे घेतला.

भट्टी गरम होती.

ती तशीच उभी राहिली. मग दोन्ही तळवे टेकवले, कपाळ टेकवलं. इतके दिवस न आलेलं रडू त्या उबेत आलं. आवाज न करता, पुष्कळ.

मागचं दार करकरलं. काखेत लाकडं मारून चमचेवाला आत आला, तिला बघून जागच्या जागी थबकला, आणि एक ओंडका त्याच्याच पायावर पडला.

"आई गं!… म्हणजे, माफ करा."

"तुम्ही?" तिने डोळे पुसले. "तुम्ही रोज येताय?"

"काकांनी सांगितलं होतं ना. दोन ओंडके सरकवून जा, गार पडू देऊ नकोस. मग… ते कळलं." तो खाली बघून म्हणाला. "घरी आलो होतो मी. दारात खूप चपला होत्या. मला तर त्यांची ओळख एका दुपारची. आत येऊन काय सांगणार? म्हटलं, जे सांगितलंय ते करत राहू. बंद कर असं मला कुणी सांगितलंच नाही."

"आमचे ओंडके एवढे पुरले?"

"ते केव्हाच संपले."

"मग काय जाळलंत?"

तो कानामागे खाजवू लागला. "वाकडे चमचे. माझ्याकडे वाकड्या चमच्यांची टंचाई कधीच नसते."

तो लाकडं लावत होता, तेव्हा दाराशी साठलेल्या राखेत तिला एक अर्धवट जळलेला चमचा दिसला. तिने तो उचलून फुंकला. दांडा अगदी सरळ होता. वाटीची गोलाई निर्दोष. तिने तो पदराआड पर्समध्ये टाकला, आणि सोमवारी मालकाला सांगितलं, "भट्टी पाडायची नाही."

"चालवणार कोण?"

"बघू," ती म्हणाली. तिच्या मानाने हे भाषणच होतं.

पहिले पाव दगड झाले. आत्याने एक हातात घेऊन टेबलावर आपटून बघितला. "हा कुणाच्या डोक्यात घातलास तर पोलीस येतील गं, बये." बऱ्याच दिवसांनी आलेला तो पहिला टोमणा ऐकून तिला इतकं बरं वाटलं, की तिने आत्याला मिठीच मारली. "सोड, पीठ लागेल," आत्या म्हणाली, पण सुटायची घाई तिलाही नव्हती.

हळूहळू हात बसला. बाबा तीन घाणे काढत, ती एकच काढू लागली. सकाळी पाव, अकरा वाजता छापखाना. पीठ मळायला बाबांचंच लाकडी पिंप, माणूस नाही म्हणून आत्या गल्ल्यावर. आत्या माल विकत नसे, गिऱ्हाइकाला ओरडून देत असे. "दोन कशाला? एक घ्या. उद्या ताजा घ्या!" लोकांना ते आवडलं. दूधवाला सायकलवरून दूध वाटत फिरायचाच. तो पावही वाटू लागला, आणि बदल्यात रोजचा त्याच्या घरचा पाव बेकरीकडून. पिशव्यांवर खर्च नको म्हणून आत्याने फर्मान काढलं, की पिशवी घरून आणा, नाहीतर पाव डोक्यावर ठेवून न्या. एका गृहस्थाने खरंच डोक्यावर नेला.

दुपारी चमचेवाला यायचा. ढलप्यांचं पोतं कोपऱ्यात ठेवायचा, भट्टीत लाकूड रचायचा, आणि सुट्टीत आलेल्या तिच्याशी आत्याच्या देखत, आत्याला ऐकू येणार नाही इतक्या हळू बोलायचा.

"भाडं आणलंय."

"मोजून घ्यायचंय का?"

"मोजा ना. एक एक ढलपी मोजा. मला घाई नाही."

"मला आहे."

"मग छत्री घ्या. त्या दिवशीसारखी जोरात उघडू नका, बिचारीची काडी निघालीये."

म्हणजे त्याचं लक्ष असतं तर! ती छत्री न उघडताच, भुरभुर पावसात, छापखान्यापर्यंत चालत गेली.

उरलेल्या पावांचं काय करायचं, हा प्रश्न होता. फेकायचं जिवावर येई. तिला सुचलं की भट्टी उतरत असतेच, पावाचे काप करून आत ठेवले तर मंद आचेवर खुटखुटीत टोस्ट होतील. जळण एका काडीचं लागणार नाही. तिने काप रचले. त्याने त्याच वेळी शेजारी लाकूड रचलं. बाजारातून आणलेल्या खोक्यांचं, ताजं, ओलं. दोघंही आपल्या हुशारीवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून नोकरीवरच. त्यांनी टोस्टचं पुडकं काउंटरवर ठेवलं.

"हे काय आहे?"

"टोस्ट," आत्या म्हणाली.

"टोस्ट? मी चहात बुडवला, तर घरात सुतारकाम चाललंय असा वास सुटला! आमचे हे खिडकी बघून आले. म्हणाले, चौकटीला नवीन पॉलिश केलंस का?"

तिने एक टोस्ट चाखला. खोक्यांच्या लाकडातली सगळी राळ उबेने सुटून पावात शिरली होती. जिभेवर सरळ रंगाचं दुकान. तिने चमचेवाल्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. आणि मग… बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तो हसत नव्हता. नुसता बघत होता.

"काय झालं?" तिने दम खात विचारलं.

"काही नाही. अशीच राळ आणखी कुठे मिळते, ते बघतोय."

"अगं, हा इथे चमचे करायला येतो की तुझी चमचेगिरी करायला?" आत्या म्हणाली. पण आवाजात धार नव्हती.

त्या फजितीतून भट्टीला शिस्त लागली. आधी पाव. जरा उतरली की टोस्ट. ते निघाले की पुढच्या घरातल्या विधवा शिंपीणबाईंची पुदिन्याची पानं. त्यांनी कुंड्यांत पुदिना लावला होता आणि चहासाठी सुकवून विकायला सुरुवात केली होती. सगळ्यात शेवटी, संध्याकाळकडे, लाकूड. एकाच जळणावर चार चुली पेटाव्यात, तसं झालं. मास्तरीणबाईंना पुदिन्याचं एक पुडकं फुकट दिलं, तर त्यांनी शाळेच्या सगळ्या शिक्षकांची टोस्टची मागणी आणून दिली. वर म्हणाल्या, "यात तरी फर्निचर घालू नका."

पाव कापायला म्हणून त्याने काउंटरवर एक फळी करून ठेवली होती. गिऱ्हाइकं पाव घेताना फळीवरून हात फिरवू लागली. एकाने विचारलं, "ही केवढ्याला?" मग फळ्याही टांगल्या, चमचेही टांगले. मोबाइलच्या दुकानाला कुठे जागा मिळाली कुणास ठाऊक, पण गाळ्याचा मालक स्वतः येऊन रांगेत उभा राहू लागला. आत्या त्यालाही म्हणे, "पिशवी कुठाय?"

तिने छापखान्यातून अर्धा दिवसच काम मागून घेतलं. मुद्रितं आता ती पिठाच्या पोत्यावर बसून तपासायची. बाबांच्या जागेवर. कधी कधी मध्येच थांबून भट्टीकडे बघायची. बाबांनी घुमटीच्या विटा स्वतः बसवल्या होत्या. पेरलेलं सगळं तिच्यासाठी उगवून ठेवूनच ते गेले होते. तिला किती काय म्हणायचं असायचं… पण कुणापाशी, आणि कसं?

मग एका सकाळी, दुपार नव्हे, सकाळीच, चमचेवाला पुढच्या दाराने आला. केस विंचरलेले. धुतलेला शर्ट. तिच्या हातात भट्टीतून पाव काढायची लांब फळी होती. ती तशीच थांबली.

"आज सकाळी?"

"मोठी ऑर्डर मिळालीये," तो म्हणाला. "हॉटेलांना माल देणाऱ्या एकाची. त्याची लाकडाची वखार आहे, तिथे वाळवण्याची खोली आहे, विजेची. मला एक कोपरा देतोय. आता पावसाची, राळेची, कसलीच भानगड नाही."

"छान."

"तुमच्या काउंटरमुळेच. त्याने ती पाव कापायची फळी इथेच बघितली."

"छान," ती पुन्हा म्हणाली. पाव निघायला झाले होते. तिला वास येत होता आणि हात हलत नव्हते.

त्याने खिशातून मागच्या दाराची किल्ली काढून काउंटरवर ठेवली. "काकांची. आता मला भट्टीची गरज नाही… म्हणजे, लाकडासाठी नाही. म्हणून परत द्यायला आलो."

आत्या पिठाच्या खोलीत डबे वाजवत होती. ते वाजायचे थांबले.

"बरं," ती म्हणाली.

तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "हे बरं नुसतं बरं आहे, की 'बरा आहे'मधलं बरं?"

"म्हणजे?"

"काकांनी सांगितलं होतं मला. त्या दुपारी, तुम्ही छत्री घेऊन निघालात तेव्हा."

तिने फळी भिंतीला टेकवली. "काय सांगितलं होतं?"

"म्हणाले, 'माझ्या लेकीचं बरा म्हणजे उत्तम असतं. तिला तेवढंच बोलता येतं. मला पुरतं. पाव मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखतो. आज तर तिने घास घेऊन डोळे मिटले, बघितलंस ना? तेवढ्यासाठी पहाटे उठतो मी.'" तो थांबला. "मी खरंच बघितलं होतं. म्हणूनच तुमच्याकडे बघत होतो."

भट्टीचं दार उघडून तिने पाव काढले. पहिला पाव घेतला, भाजणाऱ्या बोटांनीच मोडला. अर्धा त्याच्यासमोर ठेवला. वाफ दोघांच्या मध्ये वर गेली. उरलेल्या अर्ध्याचा घास घेतला, आणि डोळे मिटले.

बाबांना कळत होतं. रोज कळत होतं. त्यांना काही कमी पडलं नव्हतं.

ती भट्टीकडे वळली. लोखंडी दाराशेजारच्या विटांवर, जिथे बाबा हात टेकून उभे राहत, तिथे तळवा टेकवला. पोरी, कसा झालाय?

"छान झाला होता, बाबा," ती म्हणाली. मोठ्याने. स्वतःचा आवाज त्या घुमटीत तिला नवा वाटला. "त्या दिवशीचा फारच छान झाला होता. त्याच्या आधीचेही. सगळे."

आतल्या खोलीत आत्याने नाक ओढलं.

मागून हळूच आवाज आला. "आणि… मी?"

ती वळली. तो तिथेच होता, हातात पावाचा तुकडा, शर्टावर चुरा.

"तुम्ही…" तिने ओठ आवळले. "तुम्ही बरे आहात."

त्याचा चेहरा उजळला. अगदी बाबांसारखी मांडीवर थाप मारून तो आतल्या खोलीकडे ओरडला, "आत्या, ऐकलंत? बरा म्हटलंय!"

"ऐकलं, ऐकलं. बहिरी नाहीये मी!"

तो आनंदाने किल्ली उचलू लागला. त्याला तेवढं पुरलं होतं, बाबांना पुरायचं तसंच. तो काही मागणार नव्हता. समजून घेणार होता, जन्मभर.

"थांबा," ती म्हणाली.

त्याचा हात किल्लीवर थांबला. तिने त्यावर आपला हात ठेवला. पीठ लागलेला, भाजलेला.

"बाबांनी समजून घेतलं. तुम्ही समजून घेऊ नका, मी सांगते." तिने श्वास घेतला. "राखेतला तो चमचा वाकडा नव्हता, मी ठेवलाय जपून. आणि… तुम्ही मला आवडता. फार आवडता. लाकूड कुठेही वाळवा, पण दुपारी इथे या."